साथीची सूचना वाचताय? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी कुणी सांगितली की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, "किती वाजताची?" सकाळी सातची पातळी दुपारी सांगणाऱ्याला गल्लीतलं शेंबडं पोरगंही वेड्यात काढतं. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे आपल्याला पाढ्यांसारखं पाठ. पण कोरोनाच्या काळात हाच कोल्हापूरकर बिनतारखेचा आदेश डोळे झाकून चार ग्रुपवर ढकलत होता. त्यात मीही आलो.

तारीख न बघता पुढं पाठवणं

2021 च्या उन्हाळ्यात आमच्या तालमीच्या ग्रुपवर मेसेज आला: उद्या सकाळी लसीचा दुसरा डोस, टोकन पहिल्या शंभर जणांना. आईला घेऊन पहाटे साडेपाचला केंद्रावर गेलो. पुढं वीसेक माणसं, कुणी पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसलेलं, कुणी नंबर लावायला चपला ठेवून गेलेलं. सातला वॉचमन आला, माझ्या मोबाईलमध्ये डोकावला आणि म्हणाला, "भावा, हे गेल्या बुधवारचं हाय." आईनं घरी येईपर्यंत माझ्याशी चकार शब्द काढला नाही.

नियम तेव्हा खरंच झपाट्यानं बदलत होते. कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर सुरुवातीला चार आठवडे होतं, मार्च 2021 मध्ये सहा ते आठ झालं आणि 13 मे रोजी बारा ते सोळा. पहिल्या डोसाच्या वेळी सांगितलेल्या तारखेवर विसंबून गेलेली माणसं दारातून परत आली. त्याच वर्षी जूनमध्ये राज्यानं निर्बंधांचे पाच स्तर केले. आठवड्याचा पॉझिटिव्हिटी दर (तपासलेल्या शंभरात किती बाधित) आणि ऑक्सिजनचे किती बेड भरलेत, यावर जिल्ह्याचा स्तर ठरायचा. आकडे गुरुवारी, अंमल सोमवारपासून. म्हणजे लक्ष्मीपुरीतलं दुकान किती वाजेपर्यंत उघडं, याचं उत्तर आठवड्याला शिळं होऊ शकत होतं.

आदेश हातात आला की मधला ठळक परिच्छेद नंतर वाचा. आधी वर जावक क्रमांक आणि दिनांक बघा, मग खाली सही आणि हुद्दा, मग 'पासून' आणि 'पर्यंत'. स्क्रीनशॉट घेणारा नेमका वरचा आणि खालचा भाग कापतो. 'अंशतः बदल' किंवा 'शुद्धिपत्रक' असे शब्द दिसले तर तो कागद एकटा वाचून चालत नाही. ज्या आदेशात बदल केलाय तोही शोधावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण पहाटे साडेपाचला उठण्यापेक्षा बरं.

आपण कुणाच्या हद्दीत राहतो हे न बघणं

ही चूक खास आपली. पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी ही गावं शहराला इतकी चिकटलेली, की रस्ता ओलांडला तरी गाव बदलल्याचं कळत नाही. पण तिथं ग्रामपंचायत आहे. महापालिका 1972 साली झाली आणि हद्दवाढीचा विषय तेव्हापासून आपण चघळतोय. हद्दवाढ व्हावी की नको यावर इथं भांडत नाही. मुद्दा एवढाच, की महापालिका आयुक्तांची सूचना शहरासाठी असते, पाचगावकरांना ती आपोआप लागू होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मात्र बाराही तालुक्यांना लागू होऊ शकतो, कारण 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच. शहरात शंका असेल तर आपलं विभागीय कार्यालय गाठा: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी किंवा ताराराणी मार्केट. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि आशाताई. कोरोनात आशाताईंना जे माहीत असायचं ते टीव्हीवाल्यांना नसायचं.

रुग्णांच्या आकड्यांचंही हेच. 'कोल्हापुरात आज इतके' या बातमीतलं कोल्हापूर बहुतेक वेळा जिल्हा असतो. त्यात इचलकरंजीही आली आणि चंदगडही. 'आज' म्हणजे आज अहवाल आला, लागण कधीच होऊन गेलेली असते. तेव्हा एका दिवसाचा आकडा बघून निवांत होऊ नका आणि घाबरूही नका. आठवडाभराचे आकडे शेजारी शेजारी ठेवा.

ऑक्सिमीटरवर पहिला आकडा दिसला की धरणं

आत्तीला ताप होता. तिनं ऑक्सिमीटरमध्ये बोट घातलं आणि रक्तातला ऑक्सिजन 86 टक्के दिसला. घरात रडारड, चुलतभावानं तर गाडीही काढली. मी हात धरून बघितला तर बोटं बर्फासारखी आणि नखांवर लग्नातलं गडद नेलपॉलिश. पॉलिश पुसलं, तळवे चोळून गरम केले, हात टेबलावर स्थिर ठेवून मिनिटभर थांबलो. 96.

याच्या उलट चूक जास्त घातक. बसल्याजागी 96 आहे म्हणून गप्प राहायचं. घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा मोजा. साठीपुढच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी पुरे. दमा असलेल्यांनी किंवा आधीच धाप लागलेल्यांनी चालायच्या भानगडीत पडू नये. चालल्यावर आकडा 94 च्या खाली गेला किंवा बसल्यापेक्षा तीनहून जास्तनं उतरला, तर डॉक्टरांना लगेच कळवा. ओठ निळसर पडलेत, बोलताना दम लागतोय, तर आकड्याची वाट बघू नका.

बारीकसारीक, पण नडणाऱ्या

झडप असलेला मास्क घालणाऱ्याला वाचवतो, समोरच्याला नाही. झडपेतून श्वास गाळल्याशिवायच बाहेर पडतो. ओला मास्क निकामी. जुलै 2021 मध्ये पूर आणि साथ एकदमच अंगावर आले, तेव्हा हे पुरेपूर कळलं, म्हणून पावसाळ्यात दोन कोरडे मास्क प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये, हे केंद्र सरकारनं एप्रिल 2020 मध्येच सांगितलं होतं, तरी आपल्याकडं गल्लीच्या तोंडाशी फवारणीचे बोगदे उभे राहिलेच. हाताला सॅनिटायझर चोळून लगेच गॅस पेटवू नका. आणि कोरोनाची झटपट अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली पण ताप-खोकला आहे, तर सुटलो समजू नका, प्रयोगशाळेतली आरटीपीसीआर चाचणी करा.

एकाच नंबरवर सगळ्यासाठी फोन लावणं

108 ही रुग्णवाहिका. कुठं काय चालू-बंद हे विचारून ती लाईन अडवू नका. आरोग्याचा सल्ला हवा तर 104. आदेश, पूर, निवारा असलं काही असेल तर जिल्हा नियंत्रण कक्ष, 1077. मोबाईलवरून लागला नाही तर नंबराच्या आधी 0231 जोडा.