इंटरनेट वापरून तास कसा आखावा: तापीच्या खोऱ्याचं एक टाचण

टाचणवहीत (शिक्षक तासाची आखणी लिहितात त्या वहीत) 'तापी नदी, व्हिडिओ दाखवणे' एवढंच लिहिलेलं असेल, तर मुलांनी नेमकं काय शोधायचं हे शिक्षकालाही ठाऊक नसतं. म्हणून टाचणाची पहिली ओळ प्रश्नाची हवी, आणि प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर पाठ्यपुस्तकातल्या सपाट नकाशावर सहज दिसत नाही.

खानदेशातल्या वर्गासाठी असा एक चांगला प्रश्न आहे: तापीच्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या मोठ्या उपनद्या सगळ्या दक्षिणेकडून का येतात? उत्तरेकडून येणारी सुकी नदी इतकी आखूड का? याचं उत्तर जमिनीच्या उतारात आहे, आणि तो उतार इंटरनेटवर फुकट मोजता येतो.

साधन: गूगल अर्थ प्रो. संगणकावर चालणारी ही आवृत्ती मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही. मुलांच्या नावाने कुठेही खाती उघडू नयेत, त्यामुळे ही मोठीच सोय.

आदल्या दिवशीचं काम

तयारी घरच्या संगणकावर नको. शाळेच्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत करा. पत्र्याच्या खोलीत मोबाइलची रेंज कमी मिळते. हॉटस्पॉटचा फोन खिडकीत ठेवून पाहा. डाव्या बाजूच्या यादीत 'टेरेन' (जमिनीचा चढउतार) चालू आहे ना ते बघा, नाहीतर उंचीचा आलेख नीट मिळत नाही. पर्यायांमध्ये जाऊन मोजमाप मीटर-किलोमीटरवर आणा. ते फुटांवर राहिलं की आकडे तिपटीहून मोठे येतात, आणि वर्गात चूक सापडेपर्यंत तास संपतो.

आता 'अ‍ॅड पाथ' हे रेघ ओढायचं साधन घेऊन रावेर तालुक्यातल्या पाल गावावर एक क्लिक करा आणि अजिंठ्याच्या लेण्यांजवळ दुसरी. साधारण ९० किलोमीटरची ही रेघ वाटेत तापी ओलांडते. नाव देऊन जतन करा, यादीतल्या नावावर उजवी क्लिक करून 'शो एलिव्हेशन प्रोफाइल' निवडा. खाली आलेख उघडतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून दोन-तीन प्रती छापून ठेवा. वीज गेली तर तास याच कागदांवर चालवायचा आहे. रेघेच्या आजूबाजूचा भाग एकदा जवळून फिरून बघितला, की ती चित्रं लॅपटॉपच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहतात आणि दुसऱ्या दिवशी नेट गेलं तरी बरीचशी दिसतात. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवा.

व्हिडिओ लागणारच असेल तर हिशोब करा: ४८० पी दर्जाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण १०० एमबी खातो. दिवसाच्या दीड जीबी पॅकवर एकदा दाखवायला हे चालतं. आठ गटांनी आठ फोनवर लावला तर निम्म्याहून अधिक डेटा तिथेच गेला.

प्रत्यक्ष तास

यासाठी जोडतास घ्या. पडद्यासमोरची वेळ पंधरा मिनिटांच्या वर नको. उरलेला वेळ आलेखवहीसाठी. चाळीस मुलांचे पाच-पाचाचे आठ गट करा. एक मूल लॅपटॉपवर आलेखावरून कर्सर सरकवतं आणि दर १० किलोमीटरला थांबतं. उंची मोठ्याने वाचली जाते, सगळे गट लिहून घेतात. रेघेच्या सुरुवातीचं आणि शेवटचं धरून दहा वाचनं पुरतात.

इथे एक चूक हमखास होते. गूगल अर्थच्या खिडकीच्या तळाशी दोन आकडे असतात: एक जमिनीची उंची, दुसरा 'आय अल्ट', म्हणजे आपण जिथून बघतोय तिथली उंची. मुलं दुसरा लिहितात, कारण तो मोठा असतो आणि झूम केलं की बदलतो. फळ्यावर दोन्ही लिहून आधीच फरक दाखवा.

मग गटांनी आलेख काढायचा: आडवं १ सेमी म्हणजे १० किमी, उभं १ सेमी म्हणजे १०० मीटर. उत्तरेचा सातपुडा एकदम उतरतो, तापीचा सपाट पट्टा येतो, आणि तिथून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जमीन सावकाश चढत जाते. दक्षिणेचा उतार लांब, म्हणून तिथल्या नद्याही लांब. हे वाक्य शिक्षकांनी सांगू नये. आलेख पुरा होईपर्यंत थांबलं तर कुठला ना कुठला गट ते बोलतोच. चर्चा अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत झाली तर होऊ द्या. लेखी उत्तर मराठीत घ्या.

आलेखात सातपुडा भिंतीसारखा दिसतो आणि मुलं ते खरं मानतात. या प्रमाणात उभी मापं आडव्यापेक्षा शंभरपट ताणलेली आहेत. खऱ्या प्रमाणात १०० मीटर म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. हे गणित मुलांकडूनच करून घ्या. भूगोलाच्या तासातलं हे सर्वांत मोलाचं गणित आहे, घाईत सोडू नका.

वेळ उरला तर पाथ घेऊन पांझरेची लांबी मोजायला द्या. प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं येईल, आणि जितक्या क्लिक कमी केल्या असतील तितकं ते लहान येईल, कारण दोन क्लिकांमधली वळणं सरळ कापली जातात. गटांना क्लिकची संख्या उत्तराशेजारी लिहायला लावा. मग मराठी विश्वकोशातली तापीची नोंद आणि विकिपीडियावरचा लेख शेजारी उघडून उपनद्यांची नावं ताडून घ्या. वहीत 'गूगलवरून' असं लिहिलेलं चालणार नाही. पानाचं नाव आणि पाहिल्याची तारीख हवी.

मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, तेव्हा पूर्वेच्या खिडकीतलं ऊन प्रोजेक्टरचं चित्र पुसून टाकतं. पडदा पश्चिमेच्या भिंतीवर न लावता पूर्वेच्या भिंतीवर लावा आणि त्या बाजूच्या खिडक्या झाका.

धुळ्याच्या शाळांनी शिरपूरच्या उत्तरेकडच्या सातपुड्यापासून धुळ्यावरून गाळण्याच्या डोंगरांपर्यंत रेघ ओढावी. नंदुरबारकरांसाठी तोरणमाळपासून प्रकाशा गावामार्गे साक्रीपर्यंतची रेघ चांगली. तोरणमाळचं पठार हजार मीटरच्या वर असल्यामुळे आलेखवहीत उभे किमान १२ सेमी मोकळे ठेवायला आधीच सांगा. रेघ 'सेव्ह प्लेस अ‍ॅज' करून केएमझेड (गूगल अर्थमध्ये उघडणारी) फाइल म्हणून ठेवली तर ती इतकी लहान असते की शेजारच्या शाळेला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते, आणि त्यांना फक्त ती उघडायची असते.