काजूचा हंगाम आणि माकडताप: बेणणी आत्ताच उरका

दोडामार्ग, सावंतवाडी आणि पलीकडच्या सत्तरी भागातल्या काजू बागायतदारांसाठी हा सल्ला नोव्हेंबरअखेरीस देतो आहे. जानेवारी उजाडला की यातलं निम्मं काम हातातून गेलेलं असतं. सध्या झाडं पालवीवर आहेत, कुठे कुठे मोहर दिसतोय आणि सगळ्यांचं लक्ष ढेकण्यावर, म्हणजे पालवी-मोहरावरच्या किडीवर आहे. ते असायलाच हवं. पण माकडताप पसरतो तो गोचिडीच्या चाव्यातून, आणि ढेकण्यासाठी वर मारलेलं औषध खाली पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाल्यात बसलेल्या गोचिडीपर्यंत पोचत नाही. आणि फेब्रुवारीपासून आपण, घरची बायामाणसं आणि गडी वाकून काजू वेचणार ते त्याच पातेऱ्यातून.

माकडतापाचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला 1957 साली, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात. रानात माकडं मरत होती, गावात माणसं तापाने फणफणत होती. आधी संशय आला पिवळ्या तापाचा. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, नमुने तपासले तेव्हा तो रशियात गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. पुढे कित्येक वर्षं हा आजार शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांतच होता. 2012 नंतर मात्र तो सह्याद्रीच्या कडेकडेने पसरत गेला. खाली बंदीपूर, निलगिरी, वायनाड. वर 2015 मध्ये गोव्यातली सत्तरी आणि 2016 मध्ये आपला दोडामार्ग. मग बांदा परिसरातही रुग्ण सापडले. गोव्यातल्या रुग्णांमध्ये काजूच्या बागांत राबणारे इतके होते, की पुण्याच्या संशोधकांनी त्यावर वेगळा अभ्यास केला.

आता गोचिडीचं वर्षभराचं वेळापत्रक नीट समजून घ्या, कारण कोणतं काम कधी करायचं ते त्यावरून ठरतं. गोठ्यातल्या जनावराच्या कासेला, मानेखाली जी जाड, निळसर-करडी गोचीड चिकटलेली असते ती बहुतेक वेळा वेगळी. ती पिल्लू असताना जनावरावर चढते आणि रक्त पिऊन टम्म फुगेपर्यंत तिथेच राहते. माकडताप पसरवते ती मुख्यतः रानगोचीड, शास्त्रीय नाव हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. ही आयुष्यात तीनदा जेवते आणि तिन्ही वेळा वेगळ्या जनावराच्या अंगावर. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात रानात चरणाऱ्या गाई-म्हशी, गवे, सांबर यांच्या अंगावर चढते, पोट भरलं की खाली पडते, पालापाचोळ्यात शेकड्यांनी अंडी घालते आणि मरते. पाऊस सरल्यावर त्यांतून सहा पायांची पिल्लं निघतात. ती उंदीर, खार, रानकोंबडी, माकड असं जे मिळेल त्याचं रक्त पितात. त्यातलं एखादं जनावर विषाणू बाळगून असेल तर तो पिल्लाच्या पोटात येतो आणि कात टाकल्यावरही आत टिकून राहतो. डिसेंबरपासून ही पिल्लं आठ पायांच्या छोट्या गोचिडी होऊन दुसऱ्या जेवणाच्या शोधात पातेऱ्यात बसतात. जानेवारी ते मार्च त्यांचा सगळ्यात मोठा भर. खसखशीच्या दाण्याएवढी ही गोचीड माणसाला चावते, आणि चावल्याचं बहुतेकांना कळतही नाही.

म्हणजे काजूच्या ऐन हंगामात आपल्याला चावणारी गोचीड ही जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याच गाईच्या रक्तावर पोसलेल्या मादीची पोर असू शकते. गाईला माकडताप होत नाही, तिच्याकडून तो थेट आपल्याला येतही नाही, पण रानगोचिडीची संख्या वाढते ती तिच्या जिवावर. जॉर्ज बोशेल या शास्त्रज्ञाने 1969 मध्येच हे मांडलं होतं: जंगल तोडून शेती आत शिरली, मागोमाग गुरं आली आणि गोचिडीला आयतं खाद्य मिळालं. इतकी जुनी गोष्ट, पण आपल्याकडे अजूनही माकडतापाची चर्चा सुरू होते ती माकड मेल्यावर. तोवर गोचिडीचा वर्षभराचा संसार उरकलेला असतो.

तर पहिलं काम बेणणी. बागेत वाढलेलं गवत, झुडपं, रानमोडीची जाळी या पंधरवड्यात काढून घ्या. छोट्या गोचिडीला दमट सावली लागते, उन्हाने कोरड्या पडलेल्या उघड्या जमिनीत तिचा टिकाव लागत नाही. सगळी बाग एकदम जमणार नसेल तर निदान प्रत्येक झाडाच्या घेराखालचा पाला ओढून बाजूला घ्या आणि रोजच्या येण्या-जाण्याच्या पायवाटा हातभर जास्त रुंद करा. जंगलाला लागून असलेली कड आधी घ्या, माकडांचा वावर तिथेच असतो. साफ जमिनीवर पडलेली काजूबी पटकन दिसते आणि वेचणीची मजुरी वाचते, तेव्हा हा खर्च फुकट जात नाही. ओढलेला पाला बागेच्या उन्हाच्या कोपऱ्यात पसरा. जंगलाच्या कडेला तो पेटवून देऊ नका, डिसेंबरनंतर तर नाहीच. वणवा लागला तर आख्खी बाग जाईल.

दुसरी सवय मोडायला जड आहे हे मान्य. गोठ्यात गुरांखाली घालायला आणि भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या तरव्याची जागा भाजायला आपण रानातून भारेच्या भारे पातेरा आणतो, डोक्यावरून आणतो. शिमोगा भागात रुग्णांची पाहणी झाली तेव्हा रानात जाणं आणि गुरं हाताळणं याबरोबरच घराच्या आवारात सुक्या पाल्याचे ढीग असणं हेही धोक्याचं आढळलं होतं. डिसेंबर ते मे जंगलातला पातेरा घरी आणूच नका. गोठ्यात पेंढा किंवा भाताचं तूस वापरा. भाजावळीला पाला लागणारच असेल तर तो थेट तरव्याच्या जागेवर नेऊन टाका, खळ्यात ढीग नको, आणि पोरांना त्यावर खेळू देऊ नका.

आपल्या बागेत गोचीड आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. संशोधक तेच करतात. जाडसर पांढरं कापड, हात-सव्वा हात रुंद, काठीला निशाणासारखं बांधा आणि सकाळी दव ओसरल्यावर पातेऱ्यावरून सावकाश ओढत न्या. दहा-बारा पावलांनी कापड उलटून नीट बघा. तपकिरी ठिपके सरकताना दिसले की समजायचं. हे करताना पायात गमबूट हवेत, आणि झाल्यावर कापड उकळत्या पाण्यात टाका. कापडावर काही मिळालं नाही म्हणून बाग सुरक्षित ठरत नाही. पण मिळालं, तर त्या तुकड्यात आधी बेणणी होऊ द्या, मग वेचणी.

वेचणीच्या दिवसांत पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, गमबूट, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मार्चच्या उकाड्यात ते घालून बोंडू, म्हणजे काजूची फळं गोळा करणाऱ्यांना त्यातलं दुःख विचारा. तरी दोन गोष्टी सोडू नका: पँटचे पाय मोज्यात खोचणं, आणि बायकांनी साडीखाली सलवार किंवा लेगिंग घालणं. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. ती पायाला धरून वर चढते. पाय झाकले की तिची वाट बरीचशी बंद होते. आरोग्य विभागाकडून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल निघण्याआधी हातापायांना लावा. घामाने ते उतरतं, म्हणून दुपारच्या भाकरीनंतर पुन्हा लावा. गडीमाणसांसाठी तेल आणि बूट मालकाने आणून द्यायचे असतात, हेही इथे लिहून ठेवतो.

बोंडू पिळून बी वेगळी करायचं काम बहुतेक जण झाडाखालीच बसकण मारून करतात, कधी पोतं अंथरून, कधी थेट पाल्यावर. अंगावर गोचीड चढायला याहून सोयीची वेळ नाही. माल घमेल्यांनी उचलून बागेबाहेर मोकळ्या, साफ जागी न्या आणि तिथे ताडपत्रीवर बसून बी काढा. जेवायला आणि वामकुक्षीलाही तीच जागा धरा.

घरी आल्यावर कपडे दाराबाहेर काढून गरम पाण्यात टाका. साबण लावून अंघोळ करा आणि गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, काखेत, कानामागे बोटं फिरवून बघा. चिकटलेली गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तंबाखू, पेटलेली बिडी यांतलं काहीही लावू नका आणि ती नखावर चिरडू तर अजिबात नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लक्षात ठेवा.

तारीख यासाठी, की चावल्यापासून साधारण 3 ते 8 दिवसांत ताप येतो. एकदम कडकडून येतो. डोकं फुटायची पाळी येते, कंबर आणि पोटऱ्या मोडून पडल्यासारख्या दुखतात, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात, काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. दहा-बारा दिवसांत बहुतेक सावरतात. पण 10 ते 20 टक्के रुग्णांना मधे बरं वाटून तिसऱ्या आठवड्यात ताप उलटतो, आणि तेव्हा मान आखडणं, हातापायांना कंप, भ्रम अशी मेंदूची लक्षणं दिसतात. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर नेमकं औषध नाही, पण वेळेवर सलाइन आणि देखरेख मिळाली की फार फरक पडतो. म्हणून अंगावर ताप काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि 'काजूत काम करतो' हे विचारायची वाट न पाहता सांगा. मग रक्ताचा नमुना पीसीआरसाठी, म्हणजे विषाणू ओळखण्याच्या तपासणीसाठी पहिल्या काही दिवसांतच जाईल. तापाला पॅरासिटामॉल ठीक. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक दुकानातून आणून घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. अंगावर कुठे काळी, भाजल्यासारखी खपली दिसली तर तीही दाखवा; तो चिगर नावाच्या बारीक किड्यामुळे होणारा स्क्रब टायफस असू शकतो, आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन चांगलं लागू पडतं. घरातल्या रुग्णाची सेवा बिनघोर करा, हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही.

लसीबद्दल विचारणा होते. कर्नाटकात 1990 पासून एक लस दिली जात होती. 2005 ते 2010 मधल्या आकड्यांवरून दोन डोसांचं संरक्षण सुमारे 62 टक्के आणि बूस्टरसह सुमारे 83 टक्के निघालं. पुढे तिचा गुण कमी पडतोय असं दिसल्यावर वापर थांबला. नवीन लसीवर काम चालू आहे. या हंगामाचं नियोजन लसीच्या भरवशावर करू नका.

बागेत किंवा आसपास मेलेलं माकड वा वानर दिसलं तर हात लावू नका, पुरू नका, ओढून ओहोळात टाकू नका. मेलेल्या जनावराचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि आजूबाजूच्या पाल्यात पसरतात. ती जागा पुढचे कित्येक दिवस बागेतली सगळ्यात वाईट जागा असते. वनरक्षक, आरोग्य केंद्र किंवा पशुवैद्यकीय दवाखाना यांपैकी जवळ असेल तिथे लगेच कळवा. तिथे मॅलेथिऑन भुकटी मारून होईपर्यंत त्या बाजूची वेचणी बंद ठेवा. चार दिवसांची बी पडून राहिली तर राहू दे. 'उगाच चौकशी मागे लागेल' म्हणून गप्प बसणारे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या गप्प बसण्याची किंमत शेजारचा मजूर मोजतो.

आणि गाई-म्हशी. आत्ता गोठ्यात गोचीड दिसत असेल तर उपचार कराच. 12.5 टक्के अमिट्राझ हे गोचीडनाशक 1 लिटर पाण्यात 2 मिली या प्रमाणात अंगावर चोळतात. डोळे, तोंड आणि जखमा टाळायच्या, हातमोजे घालायचे, आणि डबीवरचं प्रमाण वेगळं असेल तर डबीवरचंच धरायचं. गोठ्याच्या भेगा बुजवा. दुभत्या जनावराला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नका, ते दुधात उतरतं. जनावराला ताप आणि खांद्यापुढच्या गाठी सुजलेल्या दिसल्या तर तो थायलेरियाचा गोचीडताप असू शकतो. त्याचा माकडतापाशी संबंध नाही, पण संकरित गाय त्यात पटकन जाते, डॉक्टरांना लगेच बोलवा.

रानगोचिडीवर मात्र हा हिवाळी उपचार फारसा चालत नाही, कारण तिची पूर्ण वाढलेली पिढी गुरांवर येते ती मृगापासून पुढे. त्यासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात पशुवैद्यकांना विचारून पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रिन हे गोचीडनाशक आणून ठेवा आणि सप्टेंबरपर्यंत त्यांनी सांगितलेल्या अंतराने देत राहा. एकट्याच्या दोन गाईंना देऊन उपयोग थोडाच. ज्या वाडीची गुरं एका रानात चरतात त्या सगळ्या वाडीने एकाच दिवशी दिलं तर मादी गोचिडी अंडी घालण्याआधीच मरतील. मे महिन्यातल्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर वाडीतल्या चरणाऱ्या गुरांची यादी आत्तापासून करायला घ्या.