भाड्याची पावती जपा, नाहीतर ड्यूटी वाढेल

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कारखाना चालवणाऱ्यांनी परदेशातून मशीन किंवा सुटे भाग मागवताना भावाइतकंच लक्ष भाड्याच्या कागदांकडे द्यावं. कस्टम ड्यूटी नुसत्या बिलाच्या रकमेवर लागत नाही. सीमाशुल्क कायदा 1962 चं कलम 14 आणि 2007 चे मूल्यांकन नियम यांनुसार मालाच्या किमतीत भारतात पोहोचेपर्यंतचं भाडं आणि विमाही मिळवतात. भाड्याचा पुरावा नसेल तर एफओबी किमतीच्या (म्हणजे परदेशी बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या मालाच्या किमतीच्या) 20 टक्के, विम्याचा नसेल तर 1.125 टक्के धरतात. म्हणजे 1 लाखाच्या मालाला जहाजाचं भाडं प्रत्यक्षात 6 हजारच पडलं असलं, तरी पावतीअभावी 20 हजार जोडले जाणार. विमानाने आणलेल्या मालाचं भाडं मात्र कितीही झालं तरी 20 टक्क्यांच्या वर धरत नाहीत. घाईच्या ऑर्डरला हा मोठाच दिलासा आहे.

तुम्ही पुरवठादाराला साचा किंवा डाय फुकट पाठवली असेल, तर तिची किंमतही मालावर वाटून चढते. हे आधीच जाहीर करा, लपवू नका.

किंमत फार कमी वाटली तर अधिकारी आणखी कागद मागतात. समाधान झालं नाही, तर त्याच सुमारास आलेल्या तशाच मालाच्या किमतीचा आधार घेतात. म्हणून दरपत्रक, करार, ईमेल आणि बँकेतून पैसे पाठवल्याचा पुरावा एकाच फाइलीत ठेवा. आणि शंकेचं कारण लेखी मागा. मूल्यांकन नियमांतल्या नियम 12 प्रमाणे मागितल्यावर ते द्यावंच लागतं, शिवाय निर्णयाआधी तुमचं म्हणणंही ऐकून घ्यावं लागतं.