कोल्ड रूममध्ये एपी लावताय? आधी पाइपाचं तोंड बघा

रत्नागिरीत मासळीच्या एका फ्रीझिंग युनिटमध्ये वाय-फायचं पहिलं मोठं काम घेतलं तेव्हा डेटाशीट वाचता येते म्हणजे सगळं येतं असं मला वाटायचं. कोल्ड रूम उणे २०, तिच्याबाहेर अँटेरूम ८-१० डिग्री, आणि त्याच्याही बाहेर जूनमधली कोकणातली हवा. ऑफिसातला ० ते ४० डिग्रीवाला एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा) इथे टिकणार नाही हे तुम्हालाही माहितीये, म्हणून उणे ४० पर्यंत चालणारा, आयपी६७ वाला आउटडोअर एपी घेतला, मालकाला कसाबसा पटवला आणि अँटेरूममध्ये लावला. तीन आठवड्यांत बंद.

शिडीवर चढून जंक्शन बॉक्स उघडला तर आतलं पाणी सरळ माझ्या बाहीत. एपी ठणठणीत, पण बॉक्समधल्या जोडाच्या आरजे४५ (नेटवर्क केबलच्या प्लगच्या) पिना हिरव्यागार. बॉक्सही आयपी६७, गॅस्केट नीट, फट कुठेच नाही. दोन दिवस मी सिलिकॉन फासत बसलो, सीनियर फोनवर म्हणाले अजून फास. (फोनवरून सल्ला देणारा सीनियर आणि सिलिकॉनची ट्यूब, दोन्हींवर माझा विश्वास उडालाय.) शेवटी कंप्रेसर रूममधल्या काकांनी विचारलं, बॉक्सपर्यंत केबल आणणाऱ्या पाइपाचं दुसरं टोक कुठंय? ते बाहेरच्या गरम कॉरिडॉरमध्ये उघडं होतं.

हे नीट समजून घ्या, मी इथेच बुडलो. पाणी शिरलंच नव्हतं, हवा शिरली होती. ३० डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २४ येतो, म्हणजे २४ पेक्षा थंड कशालाही ती हवा लागली की पाणी सोडणार. गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो ना, इथे तो आतून होतो एवढंच. आयपी६७ म्हणजे धूळ नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी पाणी नाही, दमट हवेबद्दल तो आकडा गप्प असतो. आणि डेटाशीटमध्ये ह्युमिडिटीच्या आकड्याशेजारी 'नॉन-कंडेन्सिंग' लिहिलेलं असतं, म्हणजे दव धरलं तर तुमचं तुम्ही बघा. हा शब्द मी शंभरदा वाचून सोडून दिला होता. त्यात पीओईचं (नेटवर्क केबलमधूनच एपीला जाणाऱ्या विजेचं) डीसी व्होल्टेज, ओल्या पिनांवर ते असलं की गंज धावतच येतो.

उपाय स्वस्त आहे, घाबरू नका. पाइपाचं तोंड डक्ट सील पुट्टीने बुजवा, केबलच्या चहूबाजूंनी, आणि गरम बाजूचं, थंड बाजूचं नव्हे. केबल बॉक्समध्ये खालून घ्या. रात्री एमसीबी पाडू देऊ नका, एपीची स्वतःची ऊबच त्याला कोरडं ठेवते. अमोनियाचा प्लांट असेल तर पितळी ग्लँड (बॉक्सच्या भोकात केबल घट्ट धरणारी कडी) नको, स्टेनलेस घ्या.

जमलं तर एपी बाहेर आणि फक्त अँटेना आत ठेवा, पण मधली केबल आखूड हवी, आणि पफ पॅनेलला (कोल्ड रूमच्या इन्सुलेटेड भिंतीला) पाडलेलं भोकही तसंच बुजवायचं.

आणि सिग्नलचा सर्व्हे मासेमारी बंदीत करू नका. मी केला होता, रूम निम्म्या रिकाम्या, सिग्नल झकास. सीझनला छतापर्यंत कार्टन लागल्यावर मागच्या रांगेत स्कॅनर चालेना.

तो बॉक्स मी अजून दर महिन्याला उघडतो. परवा आत कोरडं होतं, तरी हात घालायच्या आधी बाही वर केलीच.