रॉबर्ट बाल्डवर लिहायचंय? मग हे आधी बघा

स्कॉटलंडच्या ह्या मायनिंग इंजिनिअरवर लिहायचं तर जन्म १७७६, मृत्यू १८६१ हे एका ओळीत उरका आणि सरळ त्याच्या १८०८ च्या पुस्तकाकडे वळा, नाव कोळशाच्या व्यापाराचं पण खरा ऐवज जोडलेल्या भागात आहे, बायका पाठीवर कोळशाची ओझी घेऊन खाणीतून जिने चढत वर यायच्या ते तिथे लिहिलंय. इथे घाई नको, सविस्तर लिहा. बाल्ड स्कॉटलंडमधल्या ॲलोआ गावच्या कोळशाच्या खाणी सांभाळायचा, म्हणजे तसा मालकांचाच माणूस, तरी ह्या बायकांच्या हालांबद्दल बोलला, हे सुटू देऊ नका. मग १७९९ चा कायदा बघा, त्याने खाणकामगारांची वेठबिगारी संपली. १८४२ च्या कायद्याने बायकांना खाणीत उतरवणं बंद झालं खरं, पण त्याचं श्रेय एकट्या बाल्डला देऊन टाकू नका, तो कायदा बालमजुरांवरच्या सरकारी चौकशीनंतर आला.