उन्हाळा बिघडला? बेरीच्या झाडांबाबत या चुका टाळा

आठवडाभर ढगाळ हवा, मधूनच पाऊस, मग अचानक रणरणतं ऊन. अशा उन्हाळ्यात परसातल्या बेरी रुसणारच. पण घाबरून केलेले उपाय त्यात आणखी भर घालतात, कारण आज फळात दिसणारा दोष बहुतेक वेळा आज झालेला नसतो. स्ट्रॉबेरीचं फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण चार आठवडे जातात, ब्लूबेरीला दोन ते तीन महिने. हवा थंड असेल तर आणखी जास्त. म्हणून खत-औषध काढण्याआधी उलटं मोजत जा: हे फळ फुलात होतं, तेव्हा हवा कशी होती?

बुरशी दिसल्यावर धावपळ

पिकलेल्या स्ट्रॉबेरीवर करड्या रंगाची लव दिसते आणि लगेच फवारणी सुरू होते. ही करडी बुरशी म्हणजे बॉट्रायटिस. पावसात भिजलेल्या फुलातून ती आत शिरते, हिरव्या फळात गप्प बसते आणि फळ गोड व्हायला लागलं की वर येते. लव आलेलं फळ कोणत्याही औषधाने परत येत नाही. ते न झटकता अलगद काढा, झटकलं तर बीजाणू उडतात. त्याला चिकटलेली फळं, सुकलेल्या पाकळ्या, जमिनीला टेकलेली जुनी पानंही काढा. हा कचरा वाफ्यातच टाकून देणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक.

खरा उपाय फुलोऱ्याच्या वेळचा आहे. रोपांमध्ये वारा खेळेल इतकं अंतर ठेवा, फळांखाली कोरड्या पेंढ्याचं आच्छादन घाला आणि पाणी सकाळी, मुळाशी द्या. फुलोऱ्यात फवारायचंच ठरवलं, तर संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर फवारा आणि फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचं ते लेबलवर वाचा.

वाकड्या फळांना खताचा डोस

स्ट्रॉबेरी एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूने आक्रसलेली. रास्पबेरी हातात घेताच भुगा. हे पाहून नत्र देणारे खूप भेटतात. स्ट्रॉबेरीच्या अंगावरचे बारीक दाणे, ज्यांना आपण बिया म्हणतो, ती खरं तर एकेक फळंच असतात. ज्या दाण्याचं फलन झालं नाही, म्हणजे ज्याला पराग पोचलेच नाहीत, त्याच्या आसपासचा गर फुगत नाही. रास्पबेरीतही प्रत्येक मणी स्वतंत्र फलनातून तयार होतो. पावसात आणि थंड वाऱ्यात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. भुंगे त्यांच्यापेक्षा थंडी जास्त सोसतात, पण धो-धो पावसात तेही नाहीत. वर जादा नत्र दिलं की पानं माजतात, आतली हवा कोंडते आणि बुरशीचं फावतं.

पावसापासून वाचवायला प्लास्टिक घातलं असेल, तर फुलोऱ्यात दिवसा बाजू उघड्या ठेवा. स्ट्रॉबेरीच्या मोजक्या रोपांवर कोरड्या दुपारी मऊ ब्रश फिरवला तरी काम होतं. ब्लूबेरीच्या घंटेसारख्या फुलांना मात्र हा उपाय फारसा लागू पडत नाही. हवा चांगली असूनही रास्पबेरी वर्षानुवर्षं भुगाच होत असेल, तर विषाणूचा संशय घ्या. अशी झाडं काढलेलीच बरी.

पाणी: कधी जास्त, कधी शून्य

पाऊस झाला म्हणजे कुंडी भिजली, असं नाही. दाट पानांवरून पाणी बाहेर घरंगळतं आणि आतली माती कोरडी राहते. बोट खुपसून पाहा. उलट, ओल्या मातीतही ब्लूबेरी मलूल दिसली, तर मुळं कुजत असण्याची शक्यता असते. तिथे आणखी पाणी म्हणजे घातच. निचरा सुधारा, नाहीतर उंच वाफ्यात हलवा.

ब्लूबेरीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह मिळत नाहीये असं समजा. तिला ४.५ ते ५.५ सामूची (pH, म्हणजे आम्लतेचं माप) आम्ल माती लागते. नळाचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर सामू हळूहळू चढतो. पावसाचं पाणी साठवून तेच द्या. व्हिनेगर ओतण्याच्या नादी लागू नका, त्याचा परिणाम टिकत नाही. गंधक काम करतं, पण त्याला महिने लागतात.

गोडी नाही म्हणून

ढगाळ हवेत साखर कमी तयार होते, त्यावर खत हा इलाज नाही. ब्लूबेरी निळी झाली की लगेच तोडू नका. देठाजवळ लालसर छटा असेपर्यंत ती आंबटच असते. आणि तोडल्यावर यातलं कुठलंच फळ गोड होत नाही. मात्र पाऊस चालूच असेल तर पिकलेली फळं थांबवू नका. ओली असली तरी तोडा आणि त्याच दिवशी संपवा किंवा फ्रीझरमध्ये टाका.

ढगांनंतर एकदम कडक ऊन पडलं की रास्पबेरी-ब्लॅकबेरीचे काही मणी पांढरे पडतात. तो रोग नाही, उन्हाचा चटका आहे. ती फळं खायला चालतात. दुपारपुरती शेडनेट पुरे.

वैतागून छाटणी

हंगाम वाया गेला की झाडांकडे पाठ फिरते. पण स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरीच्या पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या उन्हाळा सरता सरता आणि शरदातच तयार होतात, त्यामुळे तेव्हा पाणी आणि तण यांकडे दुर्लक्ष नको. उन्हाळी रास्पबेरीच्या फळं देऊन झालेल्या फांद्या तेवढ्या बुडातून कापा. याच वर्षी जमिनीतून आलेले हिरवे कोंब कापलेत, तर पुढच्या उन्हाळ्यात हवा कितीही चांगली असली तरी त्या झाडाला फळ धरणार नाही.