आयक्यूएफ लाईन टाकायचीय? मग पैशाचा हिशोब करताना हे सगळं धरा

आयक्यूएफ लाईन म्हणजे भाजी-फळांचा दाणा न् दाणा सुटा गोठवणारी मशिनरी. तिचं कोटेशन हातात आलं की लोक तोच आकडा घेऊन बँकेत जातात. आम्हीपण तेच केलं होतं आणि पहिला सीझन त्यातच गेला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरण आमच्याच साईझचं घेतो, तासाला ५०० किलोची फ्लुइडाइज्ड बेड लाईन, माल म्हणजे स्वीटकॉर्न, वाटाणा आणि डाळिंबाचे दाणे.

मशीनवाल्याला फोन करायच्याही आधी एक वही घ्या आणि बारा महिन्यांचा तक्ता काढा, कुठल्या महिन्यात काय चालणार आणि किती दिवस. स्वीटकॉर्न पाणी असेल तिथे जवळपास वर्षभर मिळतो. वाटाण्याचं वेगळं आहे, पुरंदरचा पावसाळी वाटाणा बाजारात हिरवाच चांगला भाव खातो त्यामुळे फ्रीज करायला सहसा परवडत नाही, फ्रोझनवाले डिसेंबर ते फेब्रुवारीत परराज्यातली आवक वाढली की घेतात. डाळिंब बहाराप्रमाणे, म्हणजे झाड ज्या हंगामात फुलवलं त्यानुसार, आंबा एप्रिल-मे. या तक्त्यावरूनच मशीनचा प्रकार ठरतो. दाणा खालून येणाऱ्या हवेवर उडत उडत गोठतो, तिथे फ्लुइडाइज्ड बेड मस्त. आंब्याच्या फोडी चिकट, त्या पट्ट्यावर सावकाश न्यायच्या, म्हणजे त्याच मशीनची कपॅसिटी त्या महिन्यात कमी धरायची. आणि पराठे-समोसे करायचे मनात असेल तर स्पायरल फ्रीजर लागेल, म्हणजे गोल गोल चढणाऱ्या पट्ट्याचा, ते बजेटच वेगळं.

आता कपॅसिटी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आमचे पैसे इथेच गेले. कोटेशनवर मोठ्या अक्षरात ५०० किलो प्रति तास लिहिलेलं असतं आणि खाली कुठेतरी बारीक ओळ असते, माल आत जाताना १५ अंश. एप्रिलमध्ये आम्ही स्वीटकॉर्नची पहिली ट्रायल घेतली, ब्लांचिंग करून, म्हणजे गरम पाण्यातून थोडा वेळ काढून, बोअरच्या पाण्याच्या टाकीत गार केला, आणि एप्रिलमधलं बोअरचं पाणीच ३० अंश, म्हणजे दाणा ३२ ला आत चाललाय, वरून ओलाच. पट्ट्यावरून सुटे दाणे यायला हवे होते तिथे चिक्कीसारखी ढेकळं यायला लागली, बायका हातमोजे घालून ती फोडत बसल्या, फोडलं की दाण्याची साल निघायची. दिवसभर कसंबसं तासाला पावणेचारशे किलो निघालं. सप्लायरला फोन केला तर तो म्हणाला ओळ वाचा, आणि ओळ खरंच होती.

हिशोब साधा आहे, तुम्हीच करून बघा. एक किलो मका किंवा वाटाणा १५ अंशावरून उणे १८ ला न्यायला साधारण ३३० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, त्यातली अडीचशे फक्त आतलं पाणी गोठवायला. माल ३२ ला गेला तर अजून ५५-६० वाढली, आणि दाण्यावर आठ टक्के पाणी चिकटलेलं असेल तर तेही गोठवायला तीस-पस्तीस. झाली ना कपॅसिटी चौथ्या हिश्श्याने कमी. म्हणून चिल्ड वॉटरची टाकी, तिचा चिलर आणि पाणी झटकणारा व्हायब्रेटर ब्लोअरसकट, हे पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये पाहिजे. तीच उष्णता शून्याच्या वर काढायला वीज कितीतरी कमी लागते, फ्रीजरच्या उणे ४० वाल्या कॉम्प्रेसरकडून ते काम करून घेणं म्हणजे पैसे जाळणं. आम्ही हे नंतर घेतलं, खेळत्या भांडवलातून काढून, आणि मग त्या सीझनला माल उचलायला पैसे कमी पडले.

रेफ्रिजरेशनचा हिशोब असा, ५०० किलोला मालाचा लोड १३ टीआर (टीआर म्हणजे टन रेफ्रिजरेशन, थंड करायच्या ताकदीचं माप, साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता), त्यात पंख्यांची उष्णता, भिंती, गळती धरून २० टीआरच्या आसपास. उणे ४० ला एका टीआरला साधारण दोन ते अडीच किलोवॉट जातात. पंखे, कंडेन्सर, पंप धरून फक्त फ्रीजिंगला ७०-७५ किलोवॉट, म्हणजे किलोला ०.१५ युनिट. युनिट १० रुपये धरलं तर दीड रुपया, पण हे मशीन फुल चाललं तर. अर्धा माल टाकला तरी पंखे तेवढेच फिरतात, त्यामुळे बँकेला द्यायच्या कागदात ६० टक्क्यांचाही हिशोब करून ठेवा. दिवसही २४ तासांचा धरू नका, कॉईलवर बर्फ चढतो, डिफ्रॉस्ट आणि धुणं-पुसणं जाऊन १६ तास धरलेले बरे.

अमोनिया की फ्रिऑन, हे फक्त स्वस्त काय ते बघून ठरवू नका. फ्रिऑनमधले आर-४०४ए सारखे एचएफसी गॅस हवामान तापवतात म्हणून ते कमी करायच्या आंतरराष्ट्रीय किगाली करारात येतात, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केलाय, २०२८ ला वापर गोठवायचा, म्हणजे त्यापुढे वाढू द्यायचा नाही, आणि २०३२ पासून कमी करत जायचा. मशीन पंधरा-वीस वर्षं चालवायचंय, तेव्हा पुढे गॅस काय भावाने मिळेल याचा विचार आत्ताच करा. अमोनिया घेतला तर डिटेक्टर, मास्क, आयवॉश, ट्रेनिंग असलेला ऑपरेटर हे सगळं धरा, यात काटकसर अजिबात नको, माणसं आत काम करत असतात.

वीज कनेक्शनसाठी महावितरणच्या ऑफिसात स्वतः जा. एचटी, म्हणजे हाय टेन्शन कनेक्शन, घ्यावं लागलं तर ट्रान्सफॉर्मर, मीटरिंग क्युबिकल, केबल सगळं आपल्या खर्चाने, आणि वेळही लागतो. डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर लोडवरचा ठराविक आकार, प्लांट बंद असलेल्या महिन्यातही येतो, तो त्या बारा महिन्यांच्या तक्त्यात रिकाम्या महिन्यांसमोर लिहून ठेवा. जनरेटर कॉम्प्रेसर सुरू करू शकेल एवढा घ्या, नुसता दिव्यांपुरता नको.

कोल्ड रूम लोक विसरतातच. १६ तासांचे आठ टन रोज, वाटाण्याचे ४० दिवस, म्हणजे ३२० टन. एनएचबीच्या (राष्ट्रीय बागवानी मंडळाच्या) हिशोबाने टनाला ३.४ घनमीटर जागा, म्हणजे जवळजवळ ११०० घनमीटर उणे १८ वर, १५० एमएमचे पफ पॅनल, म्हणजे आत फोम भरलेले. आणि फरशीखाली हवेचे पाईप किंवा हीटर टाकलाच पाहिजे, नाहीतर खालची जमीन गोठते, फुगते आणि फरशी वर येते. माल भरलेला असताना ते दुरुस्त करता येत नाही. स्वतःची परवडत नसेल तर आधी भाड्याची बघा, पण पहिल्या दिवशीच बघा.

खेळतं भांडवल. वाटाण्याच्या शेंगेतून दाणा ४५ टक्के धरा, आठ टन दाण्याला रोज १८ टन शेंगा. भाव ४० धरला तर दिवसाला सात लाख वीस हजार, ४० दिवसांत पावणेतीन कोटींच्या वर, तेही जवळपास रोखीने, आणि विक्री होणार वर्षभर हळूहळू. मशीनच्या कर्जासोबतच कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तसं उचलायच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, लिमिट मागा.

सबसिडीचं थोडक्यात, पीएमएफएमईत (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत) ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि कृषी पायाभूत निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला ३ टक्के व्याज सवलत सात वर्षांपर्यंत. आपलं काय कशात बसतं ते ऑर्डर द्यायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात आणि बँकेत विचारा. सबसिडीचे पैसे मागाहून येतात, तिच्यावर सिव्हिल कामाचं बिल टाकू नका. जीएसटीचं क्रेडिट मिळणार का ते सीएला विचारा, मशीनचं आणि इमारतीचं वेगवेगळं विचारा. फूड लायसन्स, प्रदूषण मंडळाची संमती, ब्लांचिंगच्या पाण्यासाठी ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), हेही खर्चात.

शेवटचं पेमेंट मात्र धरून ठेवा, दहा टक्के तरी, आणि ऑर्डरमध्येच लिहून घ्या की ट्रायल आमच्या मालावर, आमच्या पाण्यावर, एप्रिल-मेमध्ये होईल. बाहेर आलेले दाणे लगेच थर्मासमध्ये भरायचे, मध्ये थर्मामीटर खुपसायचा, झाकण लावून काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं. उणे १८ किंवा त्याखाली आला आणि सलग चार तास तासाला ५०० किलो निघाले तर चेक द्यायचा.